भूल देण्याआधीची भीती

शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आपण बहुधा वेदनेचा इतिहास सांगतो. ईथर आले, क्लोरोफॉर्म आले आणि वेदना गेली, अशी ती गोष्ट असते. वेदनेच्या शेजारी भीतीही बसलेली होती आणि ती ईथरने गेली नाही, हे सांगायचे मात्र राहून जाते. सिझेरियनसाठी पूर्ण भूल घ्यावी लागणारी आई ही या बाबतीत सर्वांत अवघडलेली रुग्ण. तिची भीती कमी करण्याची गरज मोठी, पण त्यासाठी औषधे वापरण्याची मुभा फारच थोडी. हे कोडे निर्माण कसे झाले आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांत ते कुठपर्यंत सुटले, ते या लेखात पाहू.

आज बहुतेक सिझेरियन कमरेत इंजेक्शन देऊन, आई जागी असतानाच केली जातात. पूर्ण भूल उरली आहे ती मुख्यतः घाईच्या प्रसंगांसाठी. वार सुटून रक्तस्राव सुरू झाला, झटके आले, रक्त गोठेनासे झाले, किंवा बाळाच्या हृदयाचे ठोके इतके घसरले की कमरेतले इंजेक्शन देण्याइतकाही वेळ नाही, अशा वेळी आईला झोपवावे लागते. म्हणजे जी बाई सर्वांत जास्त घाबरलेली असणार, तिच्याच वाट्याला पूर्ण भूल येते.

नकाशावर पाहायचे तर रायगड जिल्ह्याचे दक्षिण टोक पाहा. पोलादपूर सोडून खेडकडे निघाले की कशेडी घाट लागतो. २०२३ पासून येथील बोगदा वापरात येऊ लागला. त्याआधी मुंबई-गोवा महामार्गाची सगळी वाहतूक या वळणांवरूनच चाले. बोगदा झाला म्हणून वाड्यांपासून सडकेपर्यंतची पायवाट काही सरळ झाली नाही. अलिबागचे जिल्हा रुग्णालय इथून शंभर किलोमीटरहून दूर. पावसाळ्यातल्या रात्री डोंगरउतारावरच्या वाडीतून निघालेली बाई आधी डोलीत, मग जीपमध्ये आणि मग रुग्णवाहिकेत, असे टप्पे करत शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते. तोवर काही तास ती भीतीतच असते. त्या तासांत तिच्या शरीरात काय चाललेले असते, हा प्रश्न भावनेचा जितका आहे तितकाच शरीरक्रियेचाही आहे.

हॅना ग्रीनर आणि दोन मांजरे

भीती हीदेखील शस्त्रक्रियेतील एक धोका असू शकते, अशी शंका फार लवकर आली होती. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी १८४७च्या जानेवारीत प्रसूतीसाठी ईथर वापरले आणि नोव्हेंबरमध्ये क्लोरोफॉर्म. त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म देताच दगावली. शस्त्रक्रिया होती पायाच्या अंगठ्याचे नख काढण्याची! क्लोरोफॉर्मखाली झालेला हा नोंदलेला पहिला मृत्यू. मुलगी अतिशय घाबरलेली होती, असे त्या वेळच्या वर्णनात आहे. ती कशामुळे गेली यावर वाद झाले आणि ते पुढेही चालू राहिले. शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या तोंडात ओतलेल्या पाण्याने आणि ब्रँडीने तिचा श्वास कोंडला, असे सिम्पसन यांचे म्हणणे होते.

पुढे असे मृत्यू होत राहिले. धडधाकट माणूस, किरकोळ शस्त्रक्रिया, नुकताच क्लोरोफॉर्म सुरू केलेला, आणि हृदय एकाएकी बंद. आजचा मराठवाडा ज्या संस्थानात होता त्या हैदराबादेत निजामाच्या खर्चाने, एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने, १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला तो असा : क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतो, हृदय नंतर बंद पडते, म्हणून श्वासाकडे लक्ष ठेवा, हृदयाची काळजी नको. याच हैदराबादेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टरबाई भूल देणाऱ्या जगातील पहिल्या स्त्रियांपैकी एक गणल्या जातात. आयोगाचा निष्कर्ष मात्र अर्धाच बरोबर होता. प्रयोगातल्या प्राण्यांना भरपूर क्लोरोफॉर्म दिलेला होता, आणि टेबलावर दगावणारी माणसे तर नुकतीच गुंगी येऊ लागलेली असत.

उरलेला अर्धा भाग १९११ साली सापडला. इंग्लंडमध्ये गुडमन लेव्ही यांनी हलका क्लोरोफॉर्म दिलेल्या मांजराच्या रक्तात थोडेसे अ‍ॅड्रेनॅलिन सोडले, तर हृदयाच्या कप्प्यांचे आकुंचन बिघडून ते नुसते थरथरू लागले आणि प्राणी मेला. क्लोरोफॉर्म खोलवर दिलेला असताना असे होत नसे. त्याच वर्षी अमेरिकेत वॉल्टर कॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दुसरे एक मांजर घेतले, त्याच्यासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि घाबरलेल्या मांजराच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथीचा स्राव वाढल्याचे दाखवले. ही दोन मांजरे शेजारी ठेवून पाहा. भीतीने अ‍ॅड्रेनॅलिन वाढते, आणि अ‍ॅड्रेनॅलिन व हलका क्लोरोफॉर्म एकत्र आले की हृदय कोलमडते. घाबरलेल्या रुग्णाला घाईघाईने अर्धवट भूल देणे का घातक ठरते, याचे एक सरळ उत्तर इथे मिळाले. हॅनाच्या बाबतीतही हेच घडले असावे, असे मानणारे अभ्यासक आहेत. क्लोरोफॉर्म पुढे वापरातून गेला, पण भीती मोजता येते आणि ती एका रसायनाच्या रूपाने रक्तात फिरते, ही जाण राहिली.

महाडचा विंचू

आपल्या पाठ्यपुस्तकांत अ‍ॅड्रेनॅलिनला एखाददुसरी ओळ मिळते : संकटसमयी लढा किंवा पळा यासाठी शरीराला तयार करणारे संप्रेरक. मुले ती पाठ करतात आणि ते काहीतरी चांगलेच असणार, असे समजतात. या संप्रेरकाचा पूर आला तर काय होते, हे समजावून द्यायला महाड-पोलादपूर भागातील शिक्षकाला परदेशी उदाहरण शोधण्याची गरज नाही.

कोकणातला लाल विंचू चावला की शरीरातील अ‍ॅड्रेनॅलिन आणि त्याचे भावंड नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचा लोंढा सुटतो. दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, आणि पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. अशा रुग्णांचे, त्यांत लहान मुलेही आली, मृत्यू इथे नित्याचे होते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. रुग्णांच्या खाटेशी बसून त्यांनी या लक्षणांचा क्रम नोंदवला. १९८२ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या अल्फा नावाच्या ग्राहकांना अडवणारे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी १९८०च्या दशकात वापरायला सुरुवात केली आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाची नांगी आणि बाळंतिणीची भीती यांची बरोबरी करायची नाही. लोंढ्याचे प्रमाण फार वेगळे आहे. पण रसायन तेच आणि ग्राहकही तेच. हातपाय गार पडतात याचा अर्थ कातडीकडचे रक्त हृदय, मेंदू आणि स्नायूंकडे वळवले गेले. पळायला उपयोगी नाही अशा अवयवांचा पुरवठा शरीर आधी तोडते. या ‘बिनमहत्त्वाच्या’ अवयवांच्या यादीत गर्भाशयही आहे! दिवस भरत आलेल्या गर्भाशयाला दर मिनिटाला सुमारे ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त लागते. त्याच्या रक्तवाहिन्या आधीच पूर्ण सैलावलेल्या असतात, त्यामुळे गरज पडली तर आणखी सैलावण्याची सोय नाही. आवळल्या मात्र त्या सहज जातात, कारण त्यांच्यावर अल्फा ग्राहक भरपूर असतात. आई घाबरते ती बाळासाठीच, आणि त्या भीतीने बाळाचाच प्राणवायू कमी होतो. उत्क्रांतीने केलेली ही तडजोड फारशी सुखाची म्हणता येत नाही.

हे अनुमानापुरते राहिले नाही. १९७५ साली रोनाल्ड मायर्स यांनी गाभण माकडिणींना घाबरवले, तेव्हा पोटातल्या पिलांच्या हृदयाचे ठोके मंदावले आणि त्यांना प्राणवायू कमी पडला. १९७९ साली श्नायडर आणि सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांवर प्रयोग केला. थोड्या वेळच्या ताणाने रक्तातील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुमारे पाव पटीने वाढले आणि गर्भाशयाकडे जाणारे रक्त जवळजवळ निम्म्यावर आले. मेंढीवरून बाईचे अनुमान जपूनच करावे लागते. तरीही जे बाळ आधीच अडचणीत आहे, त्याच्या दृष्टीने ही घट क्षुल्लक नाही.

मद्य, गुंगी आणि जन्मलेले बाळ

मग आईला शांत करणारे एखादे औषध आधीच का देऊ नये? हे सुचायला कोणी शास्त्रज्ञ असावे लागत नाही. १८७९ साली रॉबर्ट फेल्किन या प्रवाशाने आजच्या युगांडातील काहुरा येथे पाहिलेल्या सिझेरियनचे वर्णन पुढे एडिंबरोच्या वैद्यकीय मासिकात छापले. तेथील वैद्याने बाईला केळ्याची दारू पाजून अर्धवट गुंगीत आणले होते, आणि त्याच दारूने आपले हात व तिचे पोट धुतले होते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला जेवू घालावे आणि मद्य पिणाऱ्याला तीक्ष्ण मद्य पाजावे, असा सल्ला आहे. पण तिथेच एक अपवाद आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. अडलेला गर्भ, उदर, मुतखडा अशा काही कर्मांच्या वेळी रुग्ण उपाशी असावा. या अपवादामागची कारणे आजचीच होती, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. आजचे कारण १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन यांनी मांडले. ४४,०१६ गर्भवतींच्या नोंदी तपासून, भुलीखाली पोटातले अन्न वा आम्ल श्वासनलिकेत गेल्याची ६६ उदाहरणे त्यांनी दाखवली. गर्भवतीचे पोट भरलेलेच समजावे आणि तिला गुंगीत ठेवू नये, कारण गुंगीत ठसका मारून श्वासनलिका मोकळी ठेवण्याची शक्ती कमी होते, ही सावधगिरी तिथून रुजली.

दुसरी अडचण बाळाची. मेंदूत शिरू शकणारे औषध सहसा वारेतूनही पार होते. १९०६च्या सुमारास जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे क्रोनिग आणि गाउस यांनी मॉर्फिन व स्कोपोलामिन देऊन ‘संधिप्रकाशातली झोप’ आणली. बाईला वेदना होत, ती ओरडतही असे, पण नंतर तिला काही आठवत नसे. भीतीची आठवण पुसली, भीती पुसली नाही. अमेरिकेत १९१४ साली स्त्रियांनीच चळवळ करून या पद्धतीची मागणी केली. हे विसरून आज त्यांना हसणे सोपे आहे, पण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय कोणता होता? पद्धतीची किंमत बाळे मोजत. ती झोपाळलेली जन्मत, लवकर रडत नसत.

बाळाची ही अवस्था मोजायला धड मापच नव्हते. ते १९५२ साली व्हर्जिनिया अ‍ॅपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी दिले. जन्मल्यावर मिनिटभरात हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, प्रतिसाद आणि रंग या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण, एकूण दहा. शाळेतल्या गुणपत्रिकेइतके सोपे! हे गुण बालरोगतज्ज्ञाने शोधले असतील, असे पुष्कळांना वाटते. ते सुचले भूल देणारीला, आणि तिला पाहायचे होते ते हेच की आईला दिलेल्या औषधांचे बाळावर काय होते. माप हाती येताच शिस्त कडक झाली. सिझेरियनआधी झोपेची गोळी नाही, बाळ बाहेर येऊन नाळ बांधेपर्यंत मॉर्फिनसारखी औषधे नाहीत, भूलही हलकीच.

या शिस्तीने बाळे वाचली, यात शंका नाही. पण आईचे काय झाले? ती भीतीसकट टेबलावर आली. घशात नळी घालताना, भूल हलकी असल्यामुळे, तिचा रक्तदाब उसळू लागला. गर्भारपणात रक्तदाब वाढलेल्या बाईला ही उसळी मेंदूत रक्तस्राव होण्याइतकी महाग पडू शकते. काही जणींना तर शस्त्रक्रियेच्या वेळी जाग आली. स्नायू सैल केलेले, त्यामुळे सांगताही येईना. ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत अशी तक्रार एकंदर भुलींमध्ये सुमारे १९,००० त एकदा आढळली, आणि पूर्ण भुलीखालच्या सिझेरियनमध्ये सुमारे ६७० त एकदा. बाळाच्या सुरक्षेचे देणे आईच्या खात्यावर किती पडले होते, याचा हा एक हिशेब.

पाच मिनिटांचे बोलणे

याच सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात एक साधा प्रयोग झाला. त्यातले रुग्ण बाळंतिणी नव्हते, निरनिराळ्या शस्त्रक्रियांसाठी दाखल झालेली मोठी माणसे होती. लॉरेन्स एग्बर्ट आणि सहकाऱ्यांनी काहींना शस्त्रक्रियेआधी पेंटोबार्बिटाल हे झोपेचे औषध दिले. काहींना औषधाऐवजी भूलतज्ज्ञ आदल्या दिवशी भेटून आला : उद्या काय होईल, कुठे टोचेल, जाग कुठे येईल, हे त्याने सांगितले. १९६३ साली निष्कर्ष छापला गेला. औषध घेतलेले रुग्ण पेंगुळलेले होते, पण शांत नव्हते. भेट मिळालेले रुग्ण पूर्ण जागे होते आणि शांत होते. पुढच्याच वर्षी याच गटाने दाखवले की, दुखेल कसे आणि दुखल्यावर काय करायचे हे आधी सांगितलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर वेदनाशामकही सुमारे निम्मेच लागले.

मी प्रयोगशाळेत काम करणारा माणूस, दवाखान्यातला नव्हे. पण नियंत्रित प्रयोगांच्या इतिहासात मला हा प्रयोग वरच्या रांगेतला वाटतो. पेंगणे आणि शांत होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याने वेगळे काढून दाखवले. सिझेरियनच्या आईला तर हे तंतोतंत लागू पडते, कारण शब्द वारेतून पलीकडे जात नाहीत.

हे शहाणपण सर्वस्वी नवे होते, असेही नाही. चरकसंहितेत सूतिकागाराचे वर्णन करताना बाईजवळ अनेकदा बाळंत झालेल्या, प्रेमळ, धीर देणाऱ्या स्त्रिया असाव्यात, असे सांगितले आहे. या जुन्या प्रसूतिविद्येवर प्रबंध लिहून १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवी घेतली ती आनंदीबाई जोशी यांनी. गोपाळरावांच्या टपालखात्यातील बदल्यांपायी त्या काही काळ अलिबागलाही राहिल्या होत्या. चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत गेले होते. प्रबंधाचा विषय त्यांनी का निवडला असेल, हे निराळे सांगायला नको.

सोबतीच्या बाईचा परिणाम मोजला गेला तो ग्वाटेमालात, १९८० साली. प्रसूतीच्या वेळी अनोळखी का होईना, पण धीर देणारी एक बाई सतत जवळ असेल, तर गुंतागुंत कमी होते आणि प्रसूतीचा काळही घटतो, असे त्या अभ्यासात दिसले. भारत सरकारने प्रसूतिकक्षात सोबतीला परवानगी देणारी सूचना काढली २०१६ साली. आपल्या गावांतल्या सुईणी आणि म्हाताऱ्या बाया जे करत होत्या, ते प्रसूती रुग्णालयात गेल्यावर मध्यंतरी दाराबाहेर राहिले होते. जंतुसंसर्ग टळला हे खरेच, पण बाईचा हात धरणारे कोणी उरले नाही.

औषधांच्या बाजूलाही बदल झाले. लवकर उतरणारी, मोजून देता येणारी औषधे आली. मिडाझोलाम अगदी थोड्या मात्रेत दिले तर बाळावर ठळक परिणाम दिसत नाही, असे काही अभ्यास सांगतात. त्याने स्मृती मात्र पुसट होते, आणि बाळाला प्रथम पाहिल्याचा क्षणच आठवत नाही अशी तक्रार उरते. रक्तदाबाची उसळी थोपवायला लॅबेटेलॉल, मॅग्नेशियम सल्फेट आणि काही मिनिटांतच उतरणारे रेमिफेंटानिल अशी औषधे आज हाताशी आहेत. बाळाच्या ताणाविषयीची समजही बदलली. जन्माच्या वेळी बाळाच्या स्वतःच्या शरीरात या संप्रेरकांची मोठी लाट येते आणि तिने फुप्फुसांतले पाणी शोषले जाते, हे लागेरक्रांट्झ आणि स्लॉटकिन यांनी १९८६ साली सविस्तर मांडले. तेव्हा ताण तेवढा वाईट, असेही समीकरण करता येत नाही.

घाटावरून आलेल्या त्या बाईकडे परत येऊ. आदल्या दिवशी भेटण्याची सोय तिच्या बाबतीत नाही. ती आली तीच टेबलावर. पण एक वेळ ठरलेली आहे. झोपवण्याआधी तिच्या तोंडावर मास्क ठेवून शक्यतो तीन मिनिटे शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो, कारण गर्भवतीच्या शरीरातला साठा श्वास थांबताच झपाट्याने संपतो. फारच घाई असेल तर काही खोल श्वासांवर भागवतात. गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येऊ नये म्हणून उजव्या कुशीखाली उशी देऊन तिला किंचित डावीकडे कलते केलेले असते. बाळ लवकर निघावे म्हणून पोट आधीच धुऊन घेतलेले असते. गार औषध लागल्याने ती दचकते. मग कोणीतरी गळ्यावर बोटे दाबते. पोटातले आम्ल वर येऊ नये यासाठीची ही सेलिक यांनी १९६१ साली सांगितलेली युक्ती, पण तिला न सांगता केली तर कोणी गळाच दाबतो आहे असे वाटेल. या सगळ्या काळात औषध काही द्यायचे नसते, आणि भूलतज्ज्ञ तिच्या डोक्याशी, बोलता येईल इतका जवळ उभा असतो. ‘ताई, हा वारा लांब ओढून घ्या. आता पोटाला गार लागेल, ते औषध आहे. गळ्यावर जरा दाब येईल, तो मीच देतोय. बाळाचे ठोके लागतायत. जाग येईल तेव्हा घसा थोडा दुखेल,’ इतके सांगायला मिनिटभरही पुरते.